उतरता आकडा

"काका, ती गळ्यातली पिशवी आधी डिकीत टाका," इरफान म्हणाला. "व्यापारी असली पिशवी घेऊन फिरत नाहीत. पेन्शनर वाटताय."

पेन्शनर तर मी होतोच, पण त्या दिवशी मला शेळ्यांचा व्यापारी दिसायचं होतं. मी पिशवी मोटारसायकलच्या डिकीत कोंबली, खिशाचं पेन काढलं आणि इरफाननं आणलेला टॉवेल खांद्यावर टाकला. भूम मागं पडलं होतं. एका पत्र्याच्या टपरीपाशी आम्ही थांबलो होतो, आणि तिथून वैजयंता खटके नावाच्या बाईची वस्ती दोन किलोमीटरवर होती. गिऱ्हाईक म्हणून जायचं, शेळ्यांचा भाव करायचा, बाईनं भाव सांगितला की ती दलाल असल्याचं सिद्ध झालं, असा माझा सरळ हिशेब होता.

ही दहा वर्षांपूर्वीची, जानेवारीतली गोष्ट. पशुधन पर्यवेक्षक म्हणून एकतीस वर्षं नोकरी करून मी बार्शीला स्थायिक झालो होतो. गावोगाव लोक मला लोणकर डॉक्टर म्हणत. पदवीवाल्या डॉक्टरांना ते खुपायचं आणि मला त्याचं बरंच सुख होतं. निवृत्तीनंतर घरात बसून बायकोच्या स्वयंपाकाला नावं ठेवण्यापेक्षा काहीतरी करावं म्हणून मी 'शेरडं कट्टा' सुरू केला. म्हणजे मी नुसती कल्पना काढली. वेबसाइट उभी केली ती इरफान अत्तारनं. तिशीतला पोरगा, कॉम्प्युटर शिकलेला आणि स्वतःच्या साठ शेळ्या सांभाळणारा. शेळी पाळणाऱ्यानं तिथं प्रश्न विचारायचा आणि जाणकारांनी उत्तर द्यायचं, एवढंच त्याचं स्वरूप. दोन वर्षांत चार हजार सभासद झाले.

मग लहू कुंभारचं प्रकरण घडलं. लहू आमचा जुना सभासद. एका नव्या सभासदानं फोटो टाकून आठ शेळ्या विकायला काढल्या, लहूनं त्या घेतल्या, आपल्या कळपात सोडल्या आणि महिन्याभरात त्याचा सगळा कळप साफ झाला. विकणारा गायब. लहूनं मला फोन केला तेव्हा त्याला धड बोलता येत नव्हतं. "डॉक्टर, तुमच्या कट्ट्यावरचा माणूस म्हणून घेतल्या हो," एवढंच तो पुन्हापुन्हा म्हणत राहिला. ते वाक्य मला फार लागलं.

त्याच आठवड्यात मी पंधरा दिवसांचा नियम केला. नव्या सभासदानं पंधरा दिवस फक्त वाचायचं. प्रश्न नाही, उत्तर नाही, कुणाला खाजगी निरोप नाही. त्यानं ओळखीचा एक फॉर्म भरायचा: नाव, गाव, शेळ्यांची जात कुठली आणि शेळ्या किती. आधी त्या फॉर्मात 'आपल्याविषयी थोडं' अशी मोकळी जागा होती, पण दलाल लोक तिथंही फोन नंबर घुसडायला लागले, म्हणून मी ती जागा काढून टाकायला लावली. नाव, गाव, जात एकदा भरलं की कायम. शेळ्यांचा आकडा तेवढा बदलता यायचा, कारण कळप कमीजास्त होतच असतो, आणि तो सगळ्या सभासदांना दिसायचा.

इरफानला हा नियम पहिल्यापासून पसंत नव्हता. माणूस फोरमवर येतो तेव्हा त्याची शेळी आज आजारी असते, पंधरा दिवसांनी नव्हे, असं त्याचं म्हणणं. मी म्हणायचो, अडचण असली तर जवळचा दवाखाना आहे. आमचं हे भांडण वर्षभर चाललं होतं. शेवटी त्यानं सभासदांच्या वार्षिक सभेत नियम रद्द करण्याचा ठराव मांडायचं ठरवलं. सभा येत्या रविवारी होती. ठराव मंजूर झाला असता तर दुसरा लहू कुंभार व्हायला वेळ लागला नसता, आणि माझ्या जिवाला तोच घोर होता.

अशात ही वैजयंता खटके सभासद झाली. शेळ्या अडतीस, उस्मानाबादी. दोन दिवसांनी माझ्या पडद्यावर ओळ आली: सभासदाने आकडा बदलला, छत्तीस. मग तेहतीस. मग अठ्ठावीस. रोज एक ओळ यायची. पाळणारा माणूस आपल्या शेळ्या नेहमी दोनचार वाढवूनच सांगतो, हे मी एकतीस वर्षं ऐकलेलं आहे. रोज इमानेइतबारे आकडा उतरवणारा माणूस म्हणजे माल खपवणारा माणूस. उरलेला माल किती, हे ती बाई आपल्या गिऱ्हाइकांना कळवत होती आणि तेही माझ्याच फॉर्ममधून. काय डोकं चालवलंय, असं मला मनापासून वाटलं. नवव्या दिवशी आकडा अकरावर आला तेव्हा मी तिचं खातं बंद केलं.

इरफान म्हणाला, आधी फोन करून विचारू या, नोंदणीत नंबर आहे. मी म्हणालो, फोन केला की सावध होईल. रविवारच्या सभेत मला सबळ पुरावा हवा होता. म्हणून खातं बंद केल्यावर तिसऱ्या दिवशी आम्ही हा व्यापाऱ्याचा अवतार करून निघालो.

वस्ती म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या, पुढं कडुनिंब आणि बाजूला जाळी मारलेला लांबलचक गोठा. गोठा रिकामा होता. झाडूनपुसून स्वच्छ, खाली चुन्याची फक्की मारलेली. मी इरफानच्या कानाशी लागलो.

"माल संपलाय. मी म्हणत नव्हतो?"

तो चुन्याकडं बघत राहिला.

ओट्यावर एक म्हातारी तूर निवडत बसली होती. तिनं आम्हांला खालीवर न्याहाळलं आणि म्हणाली, "शेरडं घ्याया आलाव व्हय? लई उशीर केलाव बाबांनो."

मी इरफानला कोपरानं ढोसलं. एवढ्यात घरातून सून बाहेर आली. पस्तिशीची असावी, अंगानं किरकोळ, हातात कोमट पाण्याचं भगुलं. हीच ती वैजयंता. मी टॉवेल सारखा केला आणि शेळ्या द्यायच्या आहेत का, असं विचारलं.

"एक हाय," ती म्हणाली. "पर ती इकायची न्हाई."

"आणि बाकीच्या? अडतीस होत्या म्हणे तुमच्याकडं."

"कोण म्हणलं?"

"गावात ऐकलं."

"गावात आता अडतिसाचं कोण बोलतंय," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, कसलाच चढउतार नव्हता. तिनं भगुलं खाली ठेवलं आणि ओढ्याकडं बोट केलं. "तितं पुरल्यात. सदतीस. परवा दिवशी निस्त्या सहा गेल्या."

ओढ्याच्या काठाला काळ्या मातीचा लांब उकरलेला पट्टा होता आणि त्यावर काटे रचलेले होते. मी त्या पट्ट्याची लांबी नजरेनं मोजली. इरफाननं एक हात माझ्या पाठीला लावला.

मग सवयीनं माझ्या तोंडून प्रश्न सुटायला लागले. नाक गळत होतं का, तोंडात फोड आले का, ढाळ लागली का, खोकत होत्या का. ती प्रत्येकाला मान हलवत गेली. पीपीआर. शेळ्यांची मरी. पहिली शेळी आजारी पडल्यावर कुणी मला तीन ओळी लिहून कळवल्या असत्या तर घरबसल्या सांगितलं असतं, की आजारी वेगळ्या काढा, धडधाकट उरल्यात त्यांना आजच्या आज लस टोचून घ्या. सगळ्या वाचल्या नसत्या. पण निम्म्याअधिक वाचल्या असत्या, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो.

डॉक्टर नाही का बोलावला, असं इरफाननं विचारलं. बोलावला होता, ती म्हणाली. एक खाजगी माणूस येऊन जंताचं औषध पाजून गेला. नवरा ऊसतोडीला कर्नाटकात. तिनं बारावी केलेली, मोबाइल येत होता, म्हणून तिनं मोबाइलवर शोधाशोध केली. आणि मग तिनं तो मोबाइल कमरेचा काढून आमच्या पुढ्यात धरला.

"ह्यो बगा. शेरडं कट्टा. लई हुशार मानसं हायत ह्यावर. पर नव्या मानसाला पंदरा दिस बोलाया बंदी. नाव टाकलं, गाव टाकलं, आन फुडं काय लिव्हूच देईना. निस्ता आकडा बदलाया येत हुता. मग त्योच बदलत गेले."

"कशासाठी?" इरफाननं विचारलं. त्याला उत्तर कळलं होतं. मला ऐकायला लावायचं म्हणून त्यानं विचारलं, असं मला वाटतं.

"म्हनलं, शेरडं पाळनारी मानसं हायत. रोज आकडा उतरतोय म्हनल्यावर कुनीतरी इचारंल, बाई, काय झालं." तिनं बोटानं पडदा सरकवला. "अकरा जित्या हुत्या, तवा खातंच बंद केलं बगा. नियमभंग लिव्हलंय. म्या काय नियम मोडला, त्येवढं सांगाया पायजे हुतं."

मी मोबाइलकडं बघत राहिलो. ते वाक्य माझं होतं. 'आपले खाते नियमभंगामुळे बंद करण्यात आले आहे.' किती विचार करून मी ते लिहिलं होतं, शासकीय, खणखणीत. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"ती एक कुठाय?" मी विचारलं.

घरामागं पोत्यांच्या आडोशाला ती शेळी बसली होती. काळी, कान लोंबलेले, नाक चिकटलेलं, ओठांवर खपल्या. पण माझा हात लागल्यावर तिनं मान उचलली. मी इरफानला डिकीतली माझी पिशवी आणायला सांगितलं. व्यापाऱ्यांकडं सुई-औषध असतंच, त्यामुळं सासूसुनेला त्यात नवल वाटलं नाही. मी ताप बघितला, इंजेक्शन दिलं, लाल औषधाच्या पाण्यानं तोंड धुतलं, फोडांना बोरोग्लिसरीन लावलं. मीठ-साखरेचं पाणी किती पाजायचं, किती वेळानं, ते सांगितलं. चार दिवसांची औषधं तिच्या हातात ठेवली आणि इंजेक्शन कुठं आणि कसं द्यायचं ते दोनदा करून दाखवलं. हे सगळं करताना माझे हात ठीक चालत होते.

वैजयंता शेळीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. माझ्या हाताकडं बघत ती म्हणाली, "तुमी व्यापारी हाव का डॉक्टर?"

इरफान माझ्या मागं उभा होता. तीच वेळ होती. आणखी सोपी वेळ मला कुणी दिली नसती.

"धंद्यात राहून थोडंफार यायला लागतं," मी म्हणालो.

"हाताला गुन हाय तुमच्या," ती म्हणाली. "त्या कट्ट्यावर एक लोनकर डॉक्टर हायत. त्येंचं सगळं वाचलंय म्या. समदं असंच सांगत्यात, इस्कटून. त्येंच्यापत्तूर माजं पोचलं असतं, तर त्येंनी कायतरी केलं असतं. तुमी बाजार फिरता, त्येंचा नंबर गावंल का कुटं?"

"बघतो," मी म्हणालो.

म्हातारीनं चहा ठेवला होता. मी घेतला नाही. एवढ्या लांबून आलाव आन तसंच कसं जाताव, म्हणून ती मागं लागली, तरी मी गाडीवर बसलोच. वैजयंता औषधाचे पैसे विचारत होती. इरफाननं हात जोडले आणि गाडी सुरू केली.

टपरीपाशी त्यानं गाडी उभी केली आणि किल्ली काढून हातात घेतली.

"परत जा आणि सांगा," तो म्हणाला. "मी इथं थांबतो."

"रविवारी सभेत सांगतो. सगळ्यांसमोर."

"सभेचं सभेत. तिला आधी सांगा."

"तिचं डोकं ठिकाणावर आहे का आत्ता? एक शेळी मरणाच्या दारात आहे. उगीच आणखी..."

"काका," तो म्हणाला, "मी सांगू शकतो. दोन मिनिटांचं काम आहे. पण ते माझं नाही." आणि किल्ली लावून त्यानं गाडी बार्शीच्या रस्त्याला घातली.

घरी आल्याआल्या मी तिचं खातं पुन्हा उघडलं. खातं उघडल्याचा निरोप पाठवायची सोय होती. मी तो पाठवला नाही. पाठवला तर ती विचारेल, बंद का केलं होतं, आणि मग उत्तर द्यावं लागेल, एवढाच विचार तेव्हा डोक्यात होता.

रविवारी सभेला सत्तर-ऐंशी माणसं होती. इरफाननं ठराव मांडला. मग मी उठलो. भूमच्या एका सभासदाचं खातं माझ्या गैरसमजातून बंद झालं होतं, ते मी उघडलं आहे, असं मी एका वाक्यात सांगितलं आणि पुढची वीस मिनिटं लहू कुंभारवर बोललो. लहू पहिल्या रांगेतच बसला होता. मी खोटं काही बोललो नाही. लहूचं जे झालं ते खरं होतं आणि दलालांची भीतीही खरी होती. सदतीस शेळ्यांचा मात्र मी उच्चार केला नाही. मी बोलत असताना इरफान माझ्या तोंडाकडं बघत होता, आणि मी बसलो तरी तो तसाच बघत राहिला. त्यानं काही सांगितलं असतं तर सभा फिरली असती. तो काही बोलला नाही. ठराव पडला. दुसऱ्या दिवशी त्यानं वेबसाइटच्या सगळ्या चाव्या माझ्याकडं दिल्या आणि कट्टा सोडला. एकाच गावात राहून आम्ही त्यानंतर फक्त लग्नाकार्यात भेटलो. भेटल्यावर तो नमस्कार करायचा, आणि मला तो नको वाटायचा.

नियमात मी थोडी दुरुस्ती केली. पंधरा दिवसांची वाट काढून टाकली आणि त्याऐवजी नव्या सभासदाची पहिली पोस्ट संचालकानं वाचून मंजूर करायची, असं ठरवलं. संचालक म्हणजे मी. रोज सकाळी चहा घेत मी मंजुरीची रांग वाचायचो. आजाराचा प्रश्न असला तर चहा बाजूला ठेवून आधी तो मंजूर करायचो, उत्तरही मीच द्यायचो, गरज पडली तर फोन करायचो. त्या वर्षी मी बऱ्याच शेळ्या वाचवल्या. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. मी काय करू शकत होतो ते कळावं म्हणून सांगतो.

गणपती झाल्यावर एका सकाळी रांगेत वैजयंता खटके हे नाव दिसलं. खातं उघडलेलं तिला कधीतरी आपसूक दिसलं असावं. तिनं लिहिलं होतं:

"सर्वांना नमस्कार. जानेवारीत माझ्या सदतीस शेळ्या मरीनं गेल्या. एक वाचली. ती एका व्यापाऱ्यानं वाचवली. ते शेळ्या घ्यायला आले होते, पण औषधपाणी करून गेले. पैसे घेतले नाहीत, चहासुद्धा घेतला नाही. ती शेळी परवा व्याली. दोन पिल्लं झाली, दोन्ही माद्या, पाटीच. आमच्या घरात पद्धत आहे, ज्याच्या हातानं जनावर जगलं त्याला पहिली पाट द्यायची. त्यांचं नाव विचारायचं राहून गेलं. उंच आहेत, चष्मा आहे, सोबत एक तरुण मुलगा होता. कुणाच्या ओळखीचे असतील तर कृपया कळवा. पाट दूध तोडेपर्यंत मी सांभाळते. तुम्ही व्यापाऱ्यांना इथं येऊ देत नाही, ते मी वाचलं आहे. पण माणसं सगळी सारखी नसतात. लोणकर डॉक्टरांनाही विनंती, त्यांनी यावर लक्ष द्यावं."

मी ते किती वेळा वाचलं सांगता येणार नाही. खाली दोन बटणं होती, मंजूर आणि नामंजूर. मंजूर केलं असतं तर ती पोस्ट चार हजार लोकांपुढं गेली असती. बार्शीत मला आणि इरफानला ओळखणारे दोनतीनशे तरी त्यात होते, आणि दुपारपर्यंत कुणीतरी लिहिलं असतं की हे तर आपले डॉक्टर. नामंजूर करावं तर कारण लिहावं लागत होतं. कुठलं कारण लिहिणार?

उद्या बघू म्हणून मी पडदा बंद केला. दुसऱ्या दिवशीही तेच केलं. मग आठवडा झाला, मग पाट दूध तोडायची वेळ येऊन गेली असेल, मग दिवाळी आली. रांगेत नव्या पोस्टी येत गेल्या आणि मी त्या मंजूर करत गेलो. ती एक तिथंच खाली राहिली.

आता कट्टा बंद पडून पाच वर्षं झाली. इरफान दुबईला गेला. आज हे लिहायला बसलो, कारण परवा भूमकडच्या एका माणसानं सहज सांगितलं की खटक्यांच्या वस्तीवर आता पन्नासेक शेळ्या आहेत. ऐकून मला बरं वाटलं. पण तिकडं जावंसं वाटलं का, तर नाही.

मला नेहमी वाटायचं, एवढं लिहून उत्तर आलं नाही तर बाईनं पुन्हा का विचारलं नाही? दुसरी पोस्ट का टाकली नाही? मीच स्वतःला हे विचारायचो, जसं काही मला माहीत नव्हतं. पहिली पोस्ट मंजूर झाल्याशिवाय नव्या सभासदाला दुसरी लिहिता येत नव्हती. तो नियमही मीच केला होता.